कृष्णाकाठचा संरक्षणमंत्री

नोव्हेंबर महिना उजाडला, की सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही बँकेच्या दारात एक वेगळी रांग दिसते. ही रांग निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची. हयातीचा दाखला देण्याचा हा महिना. मी जिवंत आहे, एवढे वर्षातून एकदा बँकेत येऊन सांगायचे आणि सही किंवा अंगठा करून जायचे. आमच्या भागात या रांगेत निम्मे लोक माजी सैनिक असत. ते ओळखायला कठीण नव्हते. बाकीचे पेन्शनर बाकावर बसून कुरकुरत, हे मात्र पाठ ताठ ठेवून उभे राहत. नंबर चुकवून पुढे घुसणारा त्यांच्यात विरळा. धोतर-टोपीतला सत्तरीचा म्हातारा टेबलापुढे आला, की टाचा जुळवल्यासारखा उभा राही आणि मी चोवीस वर्षांचा नवशिका अधिकारी उगाचच खुर्चीत सावरून बसे.

ते साल १९८४. माझी नेमणूक कराडच्या शाखेत होती. २५ नोव्हेंबरला, रविवारी, दिल्लीत यशवंतराव चव्हाण गेले. दुसऱ्या दिवशी रांग होती, पण बोलणे नव्हते. दाखल्यांच्या कागदांवर सह्या होत होत्या. हयातीच्या दाखल्यांच्या त्या महिन्यात आमच्या गावाचा सर्वांत मोठा माणूस हयात राहिला नव्हता. त्यांचा देह कराडला आला आणि कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांना निरोप दिला गेला, तेव्हा वाळवंटात माणसांना उभे राहायला जागा उरली नव्हती. त्या गर्दीत मी माझ्या थोरल्या चुलत्यांना पाहिले. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस छातीवर पदके लावून आला होता. लग्नकार्यातसुद्धा त्यांनी ती कधी लावलेली मी पाहिली नव्हती.

मुख्यमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री, उपपंतप्रधान अशा कितीतरी पदांवर राहिलेल्या नेत्याला निरोप देताना आप्पांनी पदके लावली, ती संरक्षणमंत्र्यासाठी. ही गोष्ट तेव्हा माझ्या मनात रुतून बसली. पुढे सांगली जिल्ह्यात बदली झाली, वाचन वाढले, आणि लक्षात आले, की यशवंतरावांचे सारे आयुष्य एका प्रश्नाभोवती फिरते. हातात शस्त्र आणि अंगावर गणवेश असलेल्या माणसाचे आणि राजकारणाचे नाते काय असावे? हा प्रश्न त्यांनी आधी लाठी खाणाऱ्या बाजूने पाहिला आणि नंतर हुकूम देणाऱ्या बाजूने.

त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे, आजोळी झाला. सोनहिऱ्याच्या खोऱ्यातले, सागरेश्वराच्या डोंगरालगतचे हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ. प्लेगने त्यांना नेले, तेव्हा यशवंतराव चार-पाच वर्षांचे असतील. विठाईंनी मुलांना वाढवले ते कष्टाने आणि माहेरच्या आधाराने. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना २६ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी झेंडा फडकवला आणि अठरा महिन्यांची शिक्षा ओढवून घेतली. शाळकरी वयात गणवेशाची पहिली ओळख झाली ती अशी, बेडी घालणारा म्हणून.

दुसरी ओळख याहून कडू होती. १९४२ च्या जूनमध्ये फलटणच्या वेणूताईंशी त्यांचे लग्न झाले आणि दोनच महिन्यांत गवालिया टँकच्या अधिवेशनातून परतलेले यशवंतराव भूमिगत झाले. सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे काढायचे ठरले. कराड, पाटण आणि तासगावचे मोर्चे शांततेत पार पडले. ९ सप्टेंबरला वडूजला मात्र गोळीबार झाला. परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी तिथे पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला गोळ्या सुटल्या आणि किर्लोस्करवाडीचे तरुण इंजिनिअर पंड्या व विष्णू बारपटे यांचे प्राण गेले. निःशस्त्र माणसांना बंदुकांपुढे उभे करण्याची जबाबदारी पुढाऱ्यांच्या डोक्यावर येते, हे त्या दोन दिवसांनी शिकवले. त्यानंतर मोर्चांचा मार्ग थांबला. नवविवाहित वेणूताईंना १९४३ च्या संक्रांतीच्या सुमारास अटक झाली. तुरुंगातून त्या आल्या त्या प्रकृती हरवूनच. त्याच काळात थोरले बंधू ज्ञानदेव गेले. मधले गणपतराव पुढे क्षयाने गेले. आजारी पत्नीला भेटायला फलटणला गेलेले यशवंतराव तिथेच पकडले गेले. एका घराने याहून अधिक काय द्यायचे असते?

देवराष्ट्र्यापासून जवळच कुंडल आहे. सांगली जिल्ह्यात नोकरी करताना मी या दोन्ही गावांना अनेकदा गेलो. कर्जाच्या तपासणीचे निमित्त असे, पण पाय पारावरच्या म्हाताऱ्यांकडे वळत. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे कुंडल हे मोठे केंद्र. इथेच १९४३ साली तुफान सेना उभी राहिली. शेतकऱ्यांची पोरे लाठ्या घेऊन कवायत शिकली. हाती आलेल्या थोड्या बंदुका त्यांनी चालवायला घेतल्या. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामभाऊ लाड हे त्यांचे म्होरके. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली गेली. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याच्या बाजूला सरकारी खजिना लुटून साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम आणली गेली. गावोगाव न्यायदान मंडळे बसली. सावकारी, दारू, हुंडा यांवर चाप बसला. फितुरांना आणि गुंडांना पत्री लागली. यशवंतरावांचा त्यातला बराच काळ तुरुंगात गेला आणि त्यांचा पिंडही या मार्गाचा नव्हता. पण ही सगळी माणसे त्यांची होती, त्यांच्या आजोळची होती.

मला या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो तो शेवटचा. १९४६ साली नाना पाटील उघडपणे लोकांत आले, स्वातंत्र्य दाराशी आले आणि तुफान सेना विरून गेली. हातात शस्त्र घेतलेली पोरे शेतावर परतली, कुणी पुढे साखर कारखाने काढले, कुणी शाळा काढल्या. ज्यांनी सरकारचे खजिने लुटले, त्यांनी स्वराज्याच्या खुर्चीवर बंदूक टेकवली नाही. खुद्द नाना पाटील १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेवर गेले ते मतपेटीतून. जगात किती ठिकाणी हे घडले? ब्रह्मदेशात, इंडोनेशियात स्वातंत्र्यासाठी लढलेल्या सेनांनीच पुढे राज्य बळकावले. आमच्या कुंडलच्या सेनेने लाठ्या माळ्यावर टाकल्या.

तरी याच मुलखाने दुसरे चित्रही पाहिले, ते झाकून चालणार नाही. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली आणि सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावागावांत ब्राह्मणांची घरे पेटवली गेली. हत्येशी काडीचा संबंध नसलेली माणसे एका रात्रीत निराधार होऊन पुण्या-मुंबईकडे गेली. आमच्या गावातल्या अशा एका जळक्या वाड्याच्या जोत्यावर मी लहानपणी खेळलो आहे. वडील शाळामास्तर. ते त्या जोत्याजवळून जाताना मान खाली घालत. यशवंतराव तेव्हा मुंबईत गृहखात्याचे पार्लमेंटरी सेक्रेटरी होते. ज्या जनतेवर गोळीबार झाला म्हणून त्यांचे रक्त तापले होते, तीच जनता जमाव झाली की काय करते, हे त्यांनी आता सरकारच्या खुर्चीतून पाहिले. पोलीस नको असेही म्हणता येत नाही आणि गोळी घाला असेही सहज म्हणता येत नाही, अशी ती जागा.

या जागेची खरी परीक्षा नऊ वर्षांनी झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १९५५-५६ साली मुंबईत गोळीबार झाले, शंभरावर माणसे गेली. यशवंतराव तेव्हा मंत्रिमंडळात होते आणि लोकांचा राग त्यांच्यावरही होता. १ नोव्हेंबर १९५६ ला ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. १९५७ च्या निवडणुकीत खुद्द कराडने त्यांना थोडक्या मतांनी तारले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते ठरले. संयुक्त महाराष्ट्र समितीने काळ्या निशाणांनी निदर्शने करण्याचे जाहीर केले. वाईच्या रस्त्याला हजारो माणसे लोटली. अरुंद घाट, संतापलेला लोकसमुदाय, पंतप्रधानांचा ताफा आणि बंदोबस्ताचे पोलीस. एक दगड आणि एक गोळी पुरेशी होती. पण दिवस सुखरूप मावळला. निदर्शने झाली, समारंभही झाला. विरोधकांना निदर्शनाचा हक्क आहे हे मुख्यमंत्र्यांनी मान्य केले होते, पोलिसांना संयमाने वागण्याची ताकीद होती आणि समितीच्या नेत्यांनीही आपला शब्द पाळला. माझे वडील त्या गर्दीत होते, काळे निशाण घेऊन. त्या दिवसापासून मुख्यमंत्र्यांविषयीचे त्यांचे मत बदलले, असे ते सांगत. वडूजच्या धुरातून गेलेल्या माणसाने साताऱ्याच्याच मातीवर दुसरे वडूज होऊ दिले नव्हते.

महाराष्ट्र राज्य झाले आणि पुढच्याच वर्षी, जून १९६१ मध्ये, साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली. ती साताऱ्यात निघावी यात नवल नव्हते. जवळच अपशिंगे आहे, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. घराघरांतून फौजेत माणूस पाठवणाऱ्या या जिल्ह्यात शिपाई पुष्कळ होते, अधिकारी थोडे. शेतकऱ्याचा मुलगा अधिकारी व्हावा, फौज हा केवळ पोटापाण्याचा किंवा केवळ बड्या घराण्यांचा मामला राहू नये, ही त्या शाळेमागची दृष्टी. आप्पांना आपला मुलगा त्या शाळेत घालायची फार हौस होती. ते जमले नाही, पण शाळेवरून जाताना ते एसटीतून मान वळवून बघत.

आणि मग १९६२ उजाडले. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. महिनाभरात आपली संरक्षणफळी ईशान्येत कोसळली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले. नेहरूंनी यशवंतरावांना बोलावले आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असे जो तो म्हणू लागला. २१ नोव्हेंबरला त्यांनी शपथ घेतली. त्याच वेळी चीनने युद्धबंदी जाहीर केली होती. लष्करप्रमुख थापर पायउतार झाले होते, जनरल जयंतनाथ चौधरी त्यांच्या जागी आले होते.

त्या वेळी हरलेल्या सैन्यापुढे आणि सरकारपुढे कसले संकट होते, हे आज नीट उमगत नाही. शेजारी पाकिस्तानात १९५८ साली अयूबखानांनी सत्ता घेतली होती. ब्रह्मदेशात त्याच १९६२ च्या मार्चमध्ये ने विन यांनी लोकनियुक्त सरकार उलथवले होते. आपल्याकडे १९५९ साली लष्करप्रमुख थिमय्या यांनी संरक्षणमंत्र्यांशी न पटल्याने राजीनामा दिला आणि नंतर मागे घेतला होता. मर्जीतल्या अधिकाऱ्यांना वर चढवल्याच्या तक्रारी होत्या. अपमानित सैन्य, गांगरलेले सरकार आणि एकमेकांवर बोट दाखवणारे दोघे. अशाच वेळी बऱ्याच देशांत रेडिओवर लष्करी बँड वाजू लागतो.

यशवंतरावांनी इथे जे केले ते डोळे दिपवणारे नव्हते. एखादा चांगला शाखाधिकारी गैरव्यवहाराने बसलेली शाखा ताब्यात घेतल्यावर जे करील, तसे काहीसे ते होते. पहिले म्हणजे त्यांनी रोज सकाळी तिन्ही दलांचे प्रमुख आणि खात्याचे सचिव यांना एकत्र बसवण्याची पद्धत पाडली. जे बोलायचे ते समोरासमोर, एका टेबलावर. कानाशी लागण्याचे दिवस संपले. दुसरे, लढाई कशी लढायची हे सेनापतींनी ठरवावे, कशासाठी आणि कुठवर लढायचे हे सरकारने ठरवावे, ही रेघ त्यांनी सांभाळली. तिसरे, पराभवाची चौकशी झाली, पण तिचा फासावर चढवण्याचा खांब झाला नाही. हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या अधिकाऱ्यांचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. यशवंतरावांनी २ सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत प्रशिक्षण, साहित्य आणि हुकूम देण्याची साखळी यांतल्या उणिवांची कबुली मात्र दिली. अहवाल दडवल्याबद्दल त्या सरकारला दोष देता येईल, आणि तो द्यावा असे मलाही वाटते. लोकांना खरे कळायला हवे होते. पण तेव्हा सैन्याची इभ्रत चव्हाट्यावर आली नाही, हेही तितकेच खरे.

पुढच्या पंचवार्षिक योजनेत सव्वाआठ लाखांचे सैन्य, त्यात डोंगरी लढाईच्या दहा डिव्हिजन आणि हवाईदलाच्या ४५ तुकड्या असा आराखडा ठरला. मे १९६४ मध्ये ते शस्त्रांसाठी अमेरिकेत असताना नेहरू गेले. अंत्ययात्रेच्या वेळी दिल्लीत बाहेरून जादा फौज आणली गेली आणि राजधानीत कुजबुज सुरू झाली. लष्करप्रमुखांकडे खुलासा मागितला गेला. गर्दी आवरण्यासाठी हे केले, असे त्यांनी सांगितले आणि विषय संपला. दुसऱ्या एखाद्या देशात अशी कुजबुज खरी ठरली असती, किंवा घाबरलेल्या सरकारने लष्करप्रमुखाला कैद केले असते. इथे एक प्रश्न विचारला गेला आणि त्याला उत्तर मिळाले. प्रश्न विचारणाऱ्याला तो विचारण्याचा अधिकार आहे, हे दोघांनाही मान्य होते. लोकशाही म्हणतात ती एवढीच असते आणि एवढी मोठी असते.

१ सप्टेंबर १९६५. पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले होते. दुपारी चारच्या सुमारास जनरल चौधरी आणि हवाईदलप्रमुख अर्जनसिंग संरक्षणमंत्र्यांच्या खोलीत आले. विमाने वापरायची परवानगी हवी होती. विमाने उडवली म्हणजे युद्ध वाढणार, आणि त्यासाठी पंतप्रधान शास्त्री व मंत्रिमंडळ यांना विचारायला वेळ नव्हता. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला आणि तासाभराच्या आतबाहेर विमानांनी उड्डाण केले. त्या संध्याकाळी आपली काही जुनाट व्हॅम्पायर विमाने पडलीही. पण सेनापतींना हे कळले, की जबाबदारी घ्यायची वेळ आली तेव्हा मंत्री फाइलीमागे लपला नाही. त्या दिवसांत ते दैनंदिनी लिहीत होते आणि पुढे ती त्यांचे सचिव राम प्रधान यांच्या ग्रंथातून प्रसिद्ध झाली. तीत विजयाची नशा कमी आणि काळजी जास्त आहे. आप्पा त्या युद्धात पंजाबच्या आघाडीवर होते. मंत्री आमच्या बाजूचा आहे, एवढे त्यांना पुरेसे होते. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो आणि आजी रोज तुळशीपुढे दोन दिवे लावी. एक दिवा आप्पांसाठी होता. दुसरा कुणासाठी, हे मी विचारायचे राहून गेले.

इथे हा लेख संपवला असता तर तो सोपा झाला असता. पण आयुष्य सोपे नसते आणि यशवंतरावांचेही नव्हते. २८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्रीपासून मिझो टेकड्यांत लालडेंगांच्या मिझो नॅशनल फ्रंटने उठाव केला. सरकारी ठाणी आणि खजिने ताब्यात घेतले, स्वातंत्र्य पुकारले. १९५९ च्या दुष्काळात उपाशी मेलेल्या माणसांकडे सरकारने पाहिले नाही, हा राग त्यामागे होता. ५ मार्चला भारतीय हवाईदलाच्या विमानांनी ऐजॉलवर हल्ला केला. आपल्याच देशातल्या गावावर, आपल्याच विमानांनी. इंदिरा गांधी पंतप्रधान होऊन दीड महिना झाला होता. यशवंतराव संरक्षणमंत्री होते. त्या विमानांतल्या एका जातीचे नाव होते तूफानी. कुंडलची तुफान सेना ज्याच्या शेजारगावात जन्मली, त्या माणसाच्या खात्याची ही विमाने. खजिना लुटणाऱ्या बंडखोरांना आम्ही आमच्या जिल्ह्यात क्रांतिवीर म्हणतो, पुतळे उभारतो. मिझो माणूस आपल्या बंडखोरांकडे कसे पाहत असेल, हा प्रश्न मला हे वाचले तेव्हापासून सोडत नाही. देश फुटू देता येत नाही, हे मला समजते. गावावर विमाने सोडावी लागली, हे समजून घेणे मात्र अजून जमलेले नाही. तिथे खरी शांतता आली ती १९८६ च्या करारानंतर, म्हणजे बोलण्याने. मधली वीस वर्षे कुणाच्या हिशेबात धरायची?

नोव्हेंबर १९६६ मध्ये संसदेसमोर गोवधबंदीच्या मोर्चात दंगल झाली, गृहमंत्री नंदा गेले आणि यशवंतराव गृहमंत्री झाले. पुढची साडेतीन वर्षे अशांततेचीच होती. नक्षलबारी, तेलंगणाचे आंदोलन, अहमदाबादची दंगल. प्रत्येक ठिकाणाहून फौज पाठवा अशी हाक येई. वारंवार रस्त्यावर आणलेले सैन्य एक दिवस स्वतःलाच विचारू लागते, की हे लोक राज्य चालवू शकत नाहीत तर आपण का चालवू नये? म्हणूनच निमलष्करी दले वाढवण्याकडे सरकारचा कल राहिला. सीमा सुरक्षा दल १९६५ साली निघाले होते, औद्योगिक सुरक्षा दलाचा कायदा १९६८ साली झाला. पण यशवंतरावांचे वेगळेपण दुसरीकडे आहे. १९६९ साली त्यांच्या खात्याने खेड्यांतल्या असंतोषाच्या कारणांचा अभ्यास करवला. जमीन कसणाऱ्याला मिळाली नाही आणि हरितक्रांतीचे फळ मूठभरांच्या पदरात पडले, तर ही क्रांती हिरवी राहणार नाही, असा इशारा त्यांनी दिला. बंदुका पुरवणाऱ्या खात्याचा मंत्री बंदुकीने हे भागणार नाही असे सांगत होता. तो इशारा मनावर घेतला गेला असता, तर नंतरच्या काळातली कितीतरी प्रेते वाचली असती.

आणि १९७५. आणीबाणी आली तेव्हा यशवंतराव परराष्ट्रमंत्री होते. ते मंत्रिमंडळात राहिले, गप्प राहिले. आमच्या घरात यावरून वडिलांचे आणि आप्पांचे वाद होत. वडील म्हणत, की बोलायला हवे होते. आप्पा म्हणत, की रणगाडा तर नाही ना आला रस्त्यावर. मला वाटते दोघेही खरे होते आणि तिथेच मेख आहे. आपण लष्कराला राजकारणाबाहेर ठेवले याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण लोकांची तोंडे बंद करायला लष्कर लागतेच असे नाही. साध्या कपड्यांतली माणसे कायद्याच्या कागदावर सही करूनही ते करू शकतात. यशवंतरावांनी आयुष्यभर पहिला दरवाजा राखला. दुसरा उघडला गेला, तेव्हा ते आत बसलेले होते.

त्यांचे शेवटचे वर्ष या प्रश्नाचे जणू उत्तर मागत होते. जून १९८३ मध्ये वेणूताई गेल्यावर ते एकटे पडले होते. 'कृष्णाकाठ' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, पण १९४६ पाशीच थांबले. जून १९८४ मध्ये सरकारने सुवर्णमंदिरात फौज घातली. राजकारणात वर्षानुवर्षे चिघळू दिलेले गळू शेवटी जवानांच्या हाती फोडायला दिले गेले. ३१ ऑक्टोबरला इंदिराजींची हत्या झाली, दिल्लीत शिखांची कत्तल झाली आणि जिथे फौज तातडीने हवी होती तिथे ती उशिरा आली. महिन्याच्या आत यशवंतराव गेले. त्या कारवाईच्या वेळचे लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य निवृत्तीनंतर पुण्यात राहायला आले आणि १० ऑगस्ट १९८६ ला भर रस्त्यात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. राजकारण्यांनी न सोडवलेल्या गाठीची किंमत एका सैनिकाने मोजली.

आप्पा जाऊनही आता बरीच वर्षे झाली. शेवटपर्यंत ते नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला स्वतः बँकेत जात. निवडणुकीच्या दिवसांत पक्षांच्या फलकांवर जवानांचे फोटो दिसले, की ते चिडत. गणवेश कुणाच्या बापाचा नाही, असे काहीसे पुटपुटत. पुढे निवडणूक आयोगाला २०१३ साली आणि पुन्हा २०१९ साली पक्षांना बजावावे लागले, की सैनिकांची छायाचित्रे प्रचारात वापरू नका. तो निर्णय ऐकायला आप्पा असते, तर त्यांनी टाचा जुळवल्या असत्या.

कराडला गेलो, की मी प्रीतिसंगमावर थोडा वेळ बसतो. संध्याकाळी पोरे तिथे धावतात, पोलीस आणि फौजेच्या भरतीची तयारी करतात. घामाने निथळलेली, शेतकऱ्यांचीच पोरे. उद्या त्यांच्यातला कुणी सीमेवर उभा राहील, कुणी एखाद्या मोर्चासमोर लाठी घेऊन. मोर्चातही त्यांच्यासारखीच पोरे असतील. या दोघांच्या मध्ये उभे राहून आधी बोलणारा, ऐकणारा, आणि अगदीच नाइलाज झाल्याखेरीज हुकूम न देणारा कुणीतरी असावा लागतो. यशवंतरावांना हे कधी साधले, कधी नाही. पण प्रतापगडाच्या वाटेवर, काळी निशाणे हाती घेतलेल्या त्या हजारो माणसांपुढे, ते साधले होते. माझे वडील त्या संध्याकाळी धडधाकट घरी परत आले होते, आणि त्यानंतर तीन वर्षांनी माझा जन्म झाला.